पोहायला जेमतेम येतं, पहिलंच राफ्टिंग आहे: पडलो तर काय?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: मित्रांनी परस्पर बुकिंग करून टाकलंय, नदीवर ग्रेड ३ चे रॅपिड (खळाळत्या पाण्याचे पट्टे, अवघडपणाच्या १ ते ६ पायऱ्यांत तिसरी) आहेत, तुम्हाला पोहायला जेमतेम येतं, आणि राफ्टमधून (हवा भरलेल्या रबरी होडीतून) माणसं उडतानाचे व्हिडिओ बघून झोप उडालीय. जावं की नको, आणि पडलो तर काय, एवढंच विचारायचंय.

आधी पडण्याचं बोलू. पडाल कदाचित. ग्रेड ३ च्या पाण्यात राफ्टमधून कुणीतरी बाहेर जाणं यात जगावेगळं काही नाही, गाईड ते धरूनच चाललेला असतो. लाइफ जॅकेट, हेल्मेट, राफ्टच्या कडेनं बांधलेला दोर, बरोबर असलेली सेफ्टी कयाक (मदतीसाठीची छोटी, चिंचोळी होडी) हे सगळं पडणाऱ्यासाठीच असतं. अमेरिकन व्हाइटवॉटर या संस्थेची रॅपिडची वर्गवारी बघितलीत तर ग्रेड ३ बद्दल तिथे म्हटलंय की पाण्यात पडलेल्याला इजा होणं दुर्मीळ, आणि स्वतःहून बाहेर येणं बहुधा सोपं. मला काळजी वाटते ती पाण्यात गेल्यावर माणूस पहिल्या झटक्यात जे करायला जातो त्याची. तो उभं राहायला बघतो.

वाहत्या पाण्यात उभं राहू नका. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा नाही. नदीचा तळ म्हणजे दगडगोटे आणि त्यांच्यामधल्या फटी. पाय टेकला, फटीत अडकला, की पाणी पाठीवर दाबत राहतं आणि माणूस पुढे वाकतो. तोंड पाण्याखाली, पाय सुटत नाही, आणि अशा वेळी जॅकेटचाही फारसा उपयोग होत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे ‘मी ताकदीचा आहे, सावरेन’ वगैरे मनात आणू नका. पाणी गुडघ्याच्या खाली आलं, बुड तळाला घासायला लागलं, की मग उठायचं.

तोवर पाठीवर पडून राहायचं. पाय प्रवाहाच्या दिशेला, बुटांची टोकं पाण्याबाहेर स्वतःला दिसली पाहिजेत. गुडघे किंचित वाकलेले, कंबर वर उचललेली, कारण खाली लोंबलं की पहिला दगड माकडहाडालाच लागतो. समोर दगड आला तर पायांच्या तळव्यांनी झेलून बाजूला सरकायचं. श्वासाचंही एक तंत्र आहे. लाटेचा माथा तोंडावर येतो तेव्हा तोंड मिटायचं आणि दोन लाटांमधल्या खोलगटात हवा घ्यायची. पहिल्या एक-दोन लाटा चुकतात, नाकातोंडात पाणी जातं, मग ताल सापडतो. पाणी फार थंड असेल तर पडल्यापडल्या छाती आवळते आणि धाप लागते. हा शरीराचा झटका असतो, साधारण मिनिटाभरात ओसरतो. तेवढा वेळ श्वास बाहेर सोडण्यावर लक्ष ठेवा, हातपाय झाडू नका.

याला एक अपवाद आहे. पाण्यात आडवं झाड किंवा फांद्यांचा ढीग अडकला असेल तर तो गाळणीसारखा असतो: पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. तिथे पाय पुढे करून आरामात वाहत जायचं नाही. पोटावर वळायचं आणि जिवाच्या आकांतानं बाजूला पोहायचं. नाहीच चुकवता आलं तर डोकं पुढे ठेवून जोरात त्यावर जायचं आणि अंग फांदीच्या वर चढवायचं. कंपन्या नेहमीच्या मार्गावर अशी झाडं राहू देत नाहीत, पण पुरानंतर नवीन येऊन बसतात.

राफ्टच्या खाली सापडलात तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणार. दोन्ही हात वर करून राफ्टच्या बुडाला लावा आणि एकाच दिशेनं हात पुढे टाकत सरका. दिशा बदलू नका. थोड्याच सेकंदांत कड लागते.

काठावरून किंवा राफ्टमधून थ्रो बॅग (दोर भरलेली पिशवी) फेकली तर दोर पकडायचा, पिशवी नाही, कारण पिशवीतून उरलेला दोर सुटतच राहतो. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. छातीशी दोन्ही हातांनी धरून खांद्यावरून घ्यायचा, फेकणाऱ्याकडे पाठ करायची, म्हणजे पाणी तोंडावर न येता डोक्यामागे फुटतं आणि तुम्ही आपोआप काठाकडे झुलत जाता.

आता मुळात पडूच नये यासाठी. इथेही सगळा खेळ पायांचा आहे. बसायचं असतं राफ्टच्या बाहेरच्या, हवा भरलेल्या ट्यूबवर, आत नाही, आणि नवख्याला हेच भयंकर वाटतं. हातानं धरायला समोर काही नसतं. तुम्हाला धरून ठेवतात तुमचे पाय: एक पाऊल आडव्या ट्यूबखाली किंवा तळाच्या फूट कपमध्ये (पाऊल घालायच्या खोबणीत) घट्ट खोचलेलं, दुसरं मागे टेकवलेलं. काठावर असतानाच खोचून बघा, अंग बाहेर झुकवून बघा, हवं तेव्हा पाऊल निघतंय ना तेही बघा. पाय खोचता आले नाहीत तर लाजू नका, गाईडला जागा बदलून मागा. आणि सनस्क्रीन मांड्यांच्या मागच्या बाजूला लावू नका. ओल्या ट्यूबवर तेलकट मांड्या अशा सटकतात की पहिल्याच लाटेला तुम्ही आत किंवा बाहेर.

जागा मागायची तर मधली. पुढच्याला लाट थेट तोंडावर येते (मजाही तिथेच जास्त, पण ती पुढच्या वेळी), मागचा भाग लाटेवरून उतरताना उसळतो.

पॅडलबद्दल दोन गोष्टी. वरच्या टोकाला जी टी आकाराची मूठ असते ती हातातून एक क्षणही सोडायची नाही. राफ्टिंगमधल्या बऱ्याच जखमा नदी करत नाही, शेजाऱ्याची सुटलेली मूठ करते. दात, ओठ, नाक. दुसरं म्हणजे मोठी लाट दिसली की नवखे पॅडल हवेत उचलून आखडून बसतात. नेमकं तेव्हाच वल्हवायचं असतं. पाण्यात रुतलेलं पातं हा तुमचा तिसरा पाय असतो, आणि राफ्ट पाण्यापेक्षा वेगानं किंवा हळू चालली तरच गाईडला ती वळवता येते. सगळे थांबले की राफ्ट पाण्यात पडलेल्या ओंडक्यासारखी जाईल तिकडे जाते. भीती वाटत असेल तर डोळे पुढच्याच्या पॅडलवर ठेवा आणि त्याच्याबरोबर हात मारा.

गाईड ओरडेल ते शब्द काठावर शिकवतात: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाऊन (राफ्टच्या आत खाली बसा). ‘हायसाइड’, म्हणजे वर उचललेल्या कडेकडे सरका, तेवढं लक्ष देऊन ऐका. राफ्ट दगडावर आडवी आपटते तेव्हा सगळे घाबरून दगडापासून लांब सरकतात, आणि त्यामुळेच पाण्याकडची कड खाली जाऊन राफ्ट उलटते. सरकायचं असतं दगडाच्या बाजूला. मनाविरुद्धचं काम आहे, म्हणून आधी माहीत हवं.

बाकीचं पटकन. जॅकेट घातल्यावर कुणालातरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत येत असेल तर ढिलं आहे. जॅकेटाचे बकल फक्त लावणं पुरत नाही, पट्टे ओढा. हेल्मेट कपाळ झाकणारं, मागे ढकललेलं नको. सुती कपडे नकोत, भिजले की अंगातली ऊब शोषून घेतात. चपला नकोत, पायाला बांधलेले बूट हवेत. चष्म्याला दोरी. अंगठी घरी.

पोहता येतं का, असं गाईड विचारेल तेव्हा मित्रांसमोर खोटं बोलू नका. दमा असेल, खांदा निखळलेला असेल, तेही सांगा. चांगला गाईड घाबरलेल्या माणसाला जवळ बसवतो. जो हे ऐकून हसतो किंवा सुरक्षेची माहिती दोन मिनिटांत उरकतो, त्याच्या राफ्टमधून मी उतरेन. पैसे गेले तरी.

जावं का? ग्रेड ३ असेल तर जा. पण ग्रेड हा त्या दिवशीच्या पाण्याचा असतो. तोच रॅपिड पाणी वाढल्यावर वेगळा होतो, आणि पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर अमेरिकन व्हाइटवॉटरची तीच वर्गवारी एक ग्रेड वर धरायला सांगते. म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा: आज पाणी नेहमीइतकं आहे का, किती थंड आहे, सेफ्टी कयाक बरोबर असते का. उत्तरात ग्रेड ४ आला तर पहिल्या खेपेला, तेही जेमतेम पोहणाऱ्यानं, जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मित्रांना रॅपिड करू द्या, तुम्ही काठावर थांबा आणि पुढच्या वेळी सोप्या पाण्यावर त्यांना घेऊन जा.