कार्डावर इंग्रजीत काय लिहू?

प्रश्न : अंधेरीच्या आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मॅडम शुक्रवारी नोकरी सोडून बंगळुरूला चालल्यात. त्या मल्याळी, म्हणून कार्ड इंग्रजीत. साहेबांनी मजकूर दिलाय : ‘यू हॅव लेफ्ट अस. वुई मिस यू. वुई विश यू सक्सेस इन ऑल युवर फ्युचर एंडेव्हर्स.’ मला तो कोरडा वाटतो. दर महिन्याला २० तारखेच्या जीएसटी रिटर्नआधी त्या आम्हा नवख्यांसोबत उशिरापर्यंत थांबायच्या. मी काय लिहू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. आधी पहिलं वाक्य खोडा. ‘यू हॅव लेफ्ट अस’ला लागूनच ‘वुई मिस यू’ आलं, की शोकसभेचा वास येतो. इंग्रजीत ‘ही हॅज लेफ्ट अस’ हे माणूस गेल्यावरही म्हणतात. मॅडम शुक्रवारपर्यंत समोरच बसणार आहेत, तेव्हा ‘वुई विल मिस यू’ लिहा.

‘फ्युचर एंडेव्हर्स’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते रिलीव्हिंग लेटरमध्येच राहू द्या. कामावरून काढलेल्या माणसालाही तेच वाक्य मिळतं. चांगल्या माणसाला ते देणं मला तरी जिवावर येतं.

आणि लिहिण्याजोगं तर तुम्हीच पत्रात लिहून बसलाय! ती २० तारीख घ्या :

‘थँक यू फॉर स्टेइंग लेट विथ अस बिफोर एव्हरी ट्वेंटिएथ. इट वोन्ट बी द सेम विदाउट यू. गुड लक इन बेंगलुरू, अँड प्लीज कीप इन टच.’

बाहेरच्याला त्या ‘ट्वेंटिएथ’चा अर्थ लागणार नाही. मॅडमना लागेल, तेवढं पुरे. शब्द साधे आहेत म्हणून बिचकू नका. जवळच्या माणसाला इंग्रज माणूसही असंच लिहितो. वर ‘डिअर’ लिहून पुढे नाव आणि ‘मॅडम’. नुसतं नाव जास्त इंग्रजी वाटेल, पण रोज ज्या नावाने हाक मारता तेच कार्डावर शोभतं.

(निवृत्त होणाऱ्यांसाठी मात्र ‘गुड लक’ नको. तिथे ‘एन्जॉय युवर रिटायरमेंट’ छान.)

मजकूर हाताने लिहा आणि खालची अर्धी जागा कोरी सोडा. सह्या करताना कुणाला एखादी ओळ मराठीत लिहावीशी वाटली, तर लिहू द्या. मॅडम ती कुणाकडून तरी वाचून घेतील.