टोकदार कमानीचे वय

प्रश्न : आमच्या शाळेची सहल बेळगावचा किल्ला आणि कॅम्प पाहण्यास गेली होती. कॅम्पातील सेंट मेरीज चर्चच्या टोकदार कमानी पाहून एका विद्यार्थ्याने ‘ही इमारत मध्ययुगातील आहे’ असे वहीत लिहिले, कारण पाठ्यपुस्तकातील मध्ययुगीन चर्चचे चित्र हुबेहूब तसेच होते. इमारत तर इंग्रजांच्या काळातली. त्याचे गुण कापावेत का? आणि आगगाड्या धावू लागल्यावर युरोपीयांना सहाशे वर्षांपूर्वीच्या धर्तीवर बांधण्याची हौस का आली? — एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : गुण देणे आपल्या हाती आहे, आमच्या मते निम्मे तरी द्यावेत. मुलाने कमान बरोबर ओळखली, तिचे वय मात्र चुकवले. इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला तो १८१८ साली, आणि त्यानंतर वसलेल्या छावणीतील चर्च एकोणिसाव्या शतकातले आहे. त्या काळी इंग्लंडमध्येच टोकदार कमानींची मध्ययुगीन शैली, म्हणजे गॉथिक, पुन्हा उचलून धरली गेली होती आणि तीच इकडे आली.

ही हौस आगगाडीच्या आधीची आहे. होरेस वॉलपोल या धनिक लेखकाने १७४९ पासून लंडनजवळच्या आपल्या ‘स्ट्रॉबेरी हिल’ या घराला गॉथिक रूप देण्यास सुरुवात केली. तेथील दालनाच्या छतावरची पंख्यासारखी उलगडणारी नक्षी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दगडी छतावरून घेतलेली आहे, पण ती दगडाची नसून कागदाच्या लगद्याची आहे. आपल्याकडे लगद्याचे गणपती करणाऱ्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. दगडी छताचे वजन पेलण्यासाठी ज्या फासळ्या, म्हणजे छताखालच्या उठावदार दगडी पट्ट्या, जन्माला आल्या, त्या येथे काहीच पेलत नव्हत्या.

ही खाजगी हौस पुढे राजकारणाचा विषय झाली. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनचे संसदभवन जळाले. हिशेबाच्या जुन्या, निकामी लाकडी पट्ट्या भट्टीत भरमसाट जाळल्यामुळे ही आग लागली होती. नव्या इमारतीच्या स्पर्धेत आराखडा गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन शैलीतच असावा, अशी अट घातली गेली. ग्रीक-रोमन स्तंभांचा संबंध फ्रान्स आणि अमेरिकेच्या क्रांतीशी जोडला जात असे, तर गॉथिकमधून आपली संसद पुरातन असल्याचे सांगता येत होते. आलेल्या ९७ आराखड्यांतून वास्तुरचनाकार चार्ल्स बॅरी यांची निवड झाली. बॅरी यांचा स्वतःचा ओढा अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन, शैलीकडे होता, म्हणून खिडक्यांच्या नक्षीपासून दारांच्या कड्यांपर्यंतचा गॉथिक तपशील ऑगस्टस प्युजिन या दुसऱ्या वास्तुरचनाकाराने रेखाटला. यंत्रावर घाऊक निघणाऱ्या मालाचा प्युजिन यांना तिटकारा होता आणि मध्ययुगातील कारागिरी हीच खरी ख्रिस्ती कारागिरी, असे ते मानत. आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग येथे आहे : गिरण्यांचा धूर वाढला, म्हणूनच पाथरवटाच्या छिन्नीची आठवण तीव्र झाली.

जर्मनीतील कोलोन कॅथेड्रलची हकिकत तर आम्हांस याहून बोलकी वाटते. १२४८ मध्ये सुरू झालेले काम सोळाव्या शतकात थांबले, आणि अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर दगड उचलण्याची लाकडी यारी तशीच उभी राहिली. सुमारे चारशे वर्षे ती यारीच शहराची ओळख होती! १८१४ मध्ये दर्शनी भागाच्या मध्ययुगीन रेखाचित्राचा एक तुकडा हाती आला, दोन वर्षांनी दुसरा पॅरिसमध्ये सापडला, आणि १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू होऊन १८८० मध्ये १५७ मीटर उंचीचे मनोरे पूर्ण झाले. जर्मनांनी याला राष्ट्राचे कार्य मानले. गंमत अशी की इंग्रजही गॉथिकला आपलेच म्हणत होते, आणि त्या शैलीचा उगम मात्र बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सँ-दनी येथे झाला होता. कोलोनचे मनोरे जुन्या रेखाचित्राबरहुकूम उभारले गेले. छताखालच्या कैच्या, म्हणजे छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे, मात्र लोखंडाच्या आहेत. विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे, कारण पुनरुज्जीवित इमारतीचे खरे वय बहुधा दर्शनी भागात दिसत नाही, ते छताच्या पोटात सापडते.

प्रश्न : मग बेळगावजवळ हलग्याचे सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, हेही असेच पुनरुज्जीवन म्हणावे काय? — एक वाचक, निपाणी

उत्तर : होय, म्हणता येईल. २०१२ मध्ये उद्घाटन झालेल्या या इमारतीने द्राविड मंदिरशैलीची आठवण करून देणारे रूप घेतले आहे. लंडनच्या अटीमागे जे कारण होते, ते येथेही लागू पडते : विधिमंडळ नवे असले तरी त्याला जुन्याचा आधार हवासा वाटतो.

जुने रूप घेतलेली इमारत आणि मुळातच जुनी इमारत यांतला फरक पाहायचा असेल तर बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत जावे. १२०४ च्या सुमारास, रट्ट राजवटीत बांधलेल्या या जैन मंदिरात खांब, तुळया आणि एकावर एक पुढे सरकवलेले दगड यांवरच छत तोललेले आहे. सभामंडपाच्या मध्यभागी उभे राहून वर पाहिले की लोंबणारे दगडी कमळ दिसते आणि त्याच्याभोवती थरांची वर्तुळे लहान होत गेलेली मोजता येतात. ती वर्तुळे केवळ शोभेची नाहीत. छत त्यांनीच बनलेले आहे.