वाळूजहून चाकणला: क्वालिटीतल्या माणसाचं लिंक्डइन प्रोफाइल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळूजच्या ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीत सहा वर्षं झाली, शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा, आता चाकण-रांजणगाव पट्ट्यात जायचंय. लिंक्डइनवर प्रोफाइल आहे, पण फोन एकही नाही. डिप्लोमा ठळक दिसू द्यावा का, फोटोला ती 'ओपन टू वर्क'ची (नोकरी शोधतोय हे दाखवणारी) हिरवी कड लावावी का आणि पैसे भरून प्रीमियम घ्यावं का, असं विचारलंय.

मी बरीच वर्षं क्वालिटीतच होतो, हल्ली पुण्याच्या आसपासच्या प्लांटसाठी माणसं शोधून देतो. त्यामुळे शोधणाऱ्याला काय दिसतं तेच सांगतो.

तुम्हाला वाटतंय की प्रोफाइल बघून लोक पुढे जातात. माझ्या मते ते अजून कुणाला दिसलेलंच नाही. प्लांटकडून आमच्याकडे मागणी येते ती अशी: सप्लायर क्वालिटी, कास्टिंग आणि मशीनिंग, 5 ते 8 वर्षं, पीपीएपी (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची फाइल) व 8डी (तक्रारीचं मूळ कारण शोधून ती मिटवायची आठ पायऱ्यांची पद्धत) स्वतः केलेलं हवं, डिप्लोमा किंवा बीई, चाकण. हे शब्द जवळपास जसेच्या तसे शोधात टाकले जातात, त्यावर पद, ठिकाण, कौशल्य, अनुभव असे फिल्टर लागतात आणि यादी येते. त्या यादीची पहिली काही पानंच माणूस बघतो. तुमच्या हेडलाइनमध्ये 'असिस्टंट ऑफिसर, ग्रेड 2' आणि कंपनीचं नाव एवढंच आहे. ग्रेड 2 म्हणजे काय हे तुमच्या एचआरबाहेर कुणाला ठाऊक? ते कुणी शोधातही टाकत नाही.

हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात, पण मोबाइलवरच्या यादीत सुरुवातीचाच तुकडा दिसतो. म्हणून पहिले शब्द कामाचे हवेत: 'क्वालिटी इंजिनियर, सप्लायर क्वालिटी, कास्टिंग व मशीनिंग, पीपीएपी, 8डी, आयएटीएफ 16949'. यातलं शेवटचं म्हणजे वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड. हे अर्थात इंग्रजीत. लिंक्डइन आता मराठीतूनही वापरता येतं, खुशाल वापरा, पण प्रोफाइल इंग्रजीत ठेवा, कारण शोध इंग्रजीत होतो. 'पॅशनेट', 'रिझल्ट ओरिएंटेड', 'डायनॅमिक' ही मंडळी काढून टाका, त्यांना कुणी शोधत नाही. अनुभवाच्या रकान्यात मात्र पद ऑफर लेटरवर आहे तेच ठेवा आणि त्याखाली प्रत्यक्ष काम लिहा.

ठिकाणाची एक गंमत बघा. शहराचं नाव 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण शोधणारे अजून दोन्ही नावं वापरतात. शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. यादीतून ठिकाण निवडताना महाराष्ट्रातलंच निवडलंय ना ते तपासा आणि 'वाळूज एमआयडीसी' हे शब्द अनुभवाच्या मजकुरात येऊ द्या. तिथे राहता तर तिथलंच ठिकाण दाखवा. पुण्याला यायची तयारी आहे हे 'ओपन टू वर्क'च्या सेटिंगमध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड निवडून सांगता येतं. 'अबाउट'मध्येही एका वाक्यात लिहा.

आता खरा भाग, अनुभवाचा. तुम्ही लिहिलंय: 'रिस्पॉन्सिबल फॉर इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, कस्टमर कम्प्लेंट्स, डॉक्युमेंटेशन'. वाळूजमध्ये क्वालिटीत असलेला प्रत्येक जण हेच लिहितो, ट्रेनीसुद्धा. यातून तुम्ही काय केलंत ते कळत नाही. उदाहरणादाखल असं लिहून बघा: 'अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगच्या मशीनिंग लाइनवर बोअर ओव्हरसाइजचं रिजेक्शन 2.8 टक्क्यांवरून 1.1 टक्क्यांवर, सहा महिन्यांत. मूळ कारण फिक्स्चरच्या क्लॅम्पिंगमध्ये सापडलं, क्लॅम्पिंग बदललं, पोका-योके बसवलं, कंट्रोल प्लॅन आणि पीएफएमईए सुधारून घेतला.' (पोका-योके म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, कंट्रोल प्लॅन म्हणजे काय, कधी, कसं तपासायचं याचा कागद, पीएफएमईए म्हणजे प्रक्रियेत काय चुकू शकतं याचा तक्ता.) यात आकडा आहे, कारण आहे, काय केलं ते आहे आणि नंतर कागद सुधारले तेही आहे. शेवटचा तुकडा क्वालिटीतला माणूस मुद्दाम बघतो. कारण सापडलं, पण पीएफएमईए तसाच राहिला, अशी उदाहरणं त्याने ढिगाने पाहिलेली असतात.

अशी तीन-चार कामं आठवा. आठवत नसतील तर तुमची जुनी 8डी काढून वाचा, सगळं तिथेच सापडेल. आकडे मात्र खरे हवेत, कारण मुलाखतीत समोर बसलेला क्वालिटी हेड त्यावरच पंधरा मिनिटं घालवतो: मोजलं कुठे, सीएमएमवर (मोजमापाचं मशीन) की एअर गेजवर (हवेच्या दाबाने मोजणारं गेज), एमएसए (मोजमाप कितपत भरवशाचं ते तपासणं) केला होता का, किती लॉटवर पाहिलं. पीपीएपी लिहिणार असाल तर कोणत्या लेव्हलचं (ग्राहकाला किती कागद द्यायचे ती पातळी) सबमिशन स्वतः केलं ते लिहा. सहसा लेव्हल 3च मागतात, पण 18 घटकांपैकी तुमच्या हातून नेमके कोणते गेले हे सांगता आलं पाहिजे. एफएमईएचंही तसंच. 2019 च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन व जर्मन वाहन उद्योगाच्या) हँडबुकने आरपीएन (धोक्याचा गुणाकाराने काढलेला आकडा) काढून त्याऐवजी आधी कशावर काम करायचं ते ठरवणारी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आणली. प्रोफाइलवर एफएमईए आणि तोंडात आरपीएन 100 च्या खाली आणल्याची गोष्ट, असं झालं की पुढचा प्रश्न अवघड येतो. कुणाच्या प्रोफाइलवर अजून 'टीएस 16949' (आयएटीएफ 16949 च्या आधीचं स्टँडर्ड) दिसलं तर मी थेट धरून चालतो की हे 2016 नंतर उघडलेलंच नाही.

यात एक सांभाळा. ग्राहकाचं ड्रॉइंग, पार्टचा फोटो, शॉपफ्लोअरवरचा व्हिडिओ, पीपीएपीची फाइल, यातलं काहीही प्रोफाइलवर चढवू नका. ग्राहकाचं नाव आणि त्याचं पीपीएम (दहा लाखांत किती पार्ट खराब) एकत्र लिहू नका. 'एका मोठ्या दुचाकी कंपनीसाठी' एवढं पुरतं. गुपित उघड्यावर टाकणाऱ्याला कुठला प्लांट हेड आत घेईल? अवॉर्ड घेतानाचा स्टेजवरचा फोटो चालेल, मागच्या बोर्डावर काही लिहिलेलं नाही ना ते बघून.

तारखा आणि कंपनीचं नाव यात चलाखी नको. सुरुवातीला तुम्ही ट्रेनी म्हणून कंत्राटदाराच्या पेरोलवर होता असं लिहिलंय. मग तसंच लिहा: पेरोल अमुक एजन्सीचा, काम अमुक प्लांटमध्ये. ऑफर आल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारे यूएएनवरची (पीएफच्या क्रमांकावरची) सर्व्हिस हिस्ट्री मागतात. तिथे कोणत्या महिन्यापासून कोणाकडे पीएफ भरला गेला ते स्वच्छ दिसतं. प्रोफाइलवर कंपनीचा रोल आणि पीएफमध्ये एजन्सी, अशा फरकाने चांगल्या मुलांच्या ऑफर अडकलेल्या मी पाहिल्यात. कामात कमी नव्हती, नुसतं लिहिण्यात गडबड.

डिप्लोमाचं विचारलंत. लपवू नका. या पट्ट्यात 'डीएमई/बीई' (मेकॅनिकल डिप्लोमा किंवा बीई) अशीच मागणी येते. काही जागांवर तर डिप्लोमावालाच हवा असतो, कारण तो लाइनवर उभा राहतो असा समज आहे. समज बरोबर की चूक तो वाद वेगळा. 'बीई (पर्स्यूइंग)' मात्र खरंच शिकत असाल तरच.

फोटो साधा, चेहरा दिसेल असा. लग्नातला कापलेला नको.

हिरव्या कडीबद्दल. 'ओपन टू वर्क' दोन प्रकारे लावता येतं: सगळ्यांना दिसेल असं, ज्यात फोटोभोवती हिरवी कड येते, किंवा फक्त रिक्रूटरना. दुसऱ्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरला ते दिसू नये असा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण त्याची हमी ते स्वतःही देत नाहीत. तुम्ही नोकरीत आहात, तर दुसरा प्रकार वापरा. वाळूज आणि चाकण यांच्यात व्हेंडरांचं येणंजाणं सारखं चालतं, कड लावलीत तर दोन दिवसांत तुमच्या मॅनेजरला चहावर कळेल. नोकरी सुटली असेल तर बिनधास्त लावा, त्यात लाज कसली. आणि प्रोफाइल दुरुस्त करायला बसण्याआधी बदल सगळ्या नेटवर्कला कळवण्याचं सेटिंग बंद करा. एका रात्रीत सात बदल दिसले की लोक बरोबर ओळखतात.

माणसं जोडण्याचं काम संथ ठेवा. तुमच्या कंपनीतून चाकणला गेलेले जुने सहकारी आधी, मग त्यांच्या प्लांटमधले क्वालिटीचे लोक. रिक्वेस्टसोबत दोन ओळी पुरतात: 'नमस्कार सर, मी वाळूजला कास्टिंग-मशीनिंगच्या क्वालिटीत सहा वर्षं आहे. आपण सप्लायर क्वालिटी बघता म्हणून जोडायचं होतं.' नोकरी पहिल्याच निरोपात मागू नका. भरतीच्या पोस्टखाली 'इंटरेस्टेड सर' लिहिणाऱ्यांची रांग असते, ती मी वाचत नाही आणि माझ्या ओळखीतलं कुणी वाचत असेल असं वाटत नाही. थेट मेसेज करा, त्यात एकूण वर्षं, पार्टचा प्रकार आणि नोटिस पीरियड टाका. नोटिस 30 दिवसांचा असेल तर 'अबाउट'मध्येही लिहा. 90 दिवसांचा असेल तर तिथे गप्प बसा, विचारल्यावर सांगा.

रोज पोस्ट टाकायला हवी का? अजिबात नको. प्लांटमधल्या माणसाकडून तशी अपेक्षा कुणी करत नाही.

नोकरी देतो म्हणून रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे मागणारा रिक्रूटर भेटला तर तिथेच थांबा, कंपनीचं नाव कितीही मोठं असो. ईमेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय का बघा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

प्रीमियम सध्या नको. ते पैसे इंटर्नल ऑडिटरच्या कोर्सला लावा, आयएटीएफवाला. तो शोधात टाकला जाणारा शब्द आहे. आणि नोकरीडॉटकॉम सोडू नका. तुमच्या पातळीच्या जागांना अजून तिथूनच जास्त फोन जातात. तिथला सीव्ही दर आठवड्याला उघडून काहीतरी छोटा बदल करून सेव्ह करा, कारण तो शेवटचा कधी अपडेट झाला ते आम्हाला दिसतं आणि ताजे आधी उघडले जातात. दोन्हीकडे तारखा आणि पद एकच ठेवा.

नवीन हेडलाइन आणि ती तीन-चार कामं लिहून इथे टाका, कंपनीचं नाव काढून. बघून सांगतो.