दिव्याखाली वाढवलेली रोपे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरातल्या एखाद्या खोलीत एलईडी दिव्याच्या उजेडावर टोमॅटो, मिरची, वांगी अशा पिकांची रोपे तयार करणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली आहेत. बहुतेकांचा हा पहिलाच प्रयत्न आहे आणि जवळपास प्रत्येकाने कोणते खत द्यावे किंवा कोणते औषध फवारावे असे विचारले आहे. पत्रांतील वर्णने नीट वाचली, तर या रोपांची उपासमार क्वचितच झालेली दिसते. पाणी आणि खत यांचा अतिरेक आणि उजेडाची टंचाई हीच दुखणी पुन्हा पुन्हा आढळतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कपांमध्ये टोमॅटो आणि मिरचीचे बी पेरले. उगवण उत्तम झाली; परंतु दोन आठवड्यांनंतर खालची पाने पिवळी पडू लागली आणि वाढ खुंटली. वरचा थर सुकलेला दिसतो म्हणून मी रोज सकाळी पाणी घालतो. पिवळेपणा दिसल्यावर द्रवरूप खत दिले, नंतर मॅग्नेशियम सल्फेट फवारले, तरी फरक पडला नाही. रोपांना नेमके काय कमी पडत आहे?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून रोपांना सर्वांत जास्त कमी पडत आहे ती मुळांजवळची हवा. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो त्यांना माध्यमातील, म्हणजे कपात भरलेल्या कोकोपीटमधील, पोकळ्यांमधून मिळतो. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की मुळांचे काम मंदावते, आणि मुळे थकली की अन्नद्रव्ये समोर असूनही ती उचलता येत नाहीत. पानांवर त्याची जी लक्षणे दिसतात ती उपासमारीसारखीच असतात. आपण खत देतो, ते उचलले जात नाही, त्याचे क्षार माध्यमात साठत जातात आणि मुळांचा त्रास आणखी वाढतो. तुमच्या बाबतीत हेच चक्र सुरू झाले असावे.

कोकोपीट या बाबतीत विशेष फसवे आहे. त्याचा वरचा अर्धा सेंटिमीटर थर काही तासांतच फिकट तपकिरी आणि कोरडा दिसू लागतो, तेव्हा तळाचा भाग मात्र पिळला तर पाणी निघेल इतका ओला असतो. पृष्ठभागाच्या रंगावरून पाणी देण्याऐवजी कप उचलून त्याच्या वजनावरून द्यावे. भरपूर पाणी घालून निथळू दिलेला कप एकदा हातात घेऊन ते वजन लक्षात ठेवावे आणि कप त्याच्या जवळजवळ निम्म्याने हलका लागेपर्यंत पुन्हा पाणी घालू नये. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर आहे पण तिच्यात हवाही खेळते आहे, ती अवस्था कपातही यायला हवी. कपाच्या तळाला भोके असणे आणि खालच्या तबकात पाणी साचू न देणे हे तर ओघाने आलेच.

निदानाची खात्री करण्यासाठी एक रोप खर्ची घालायची तयारी ठेवा. सर्वांत खराब दिसणाऱ्या रोपाचा कप उलटा करून, खोड दोन बोटांमध्ये धरून, मुळांचा गोळा अलगद बाहेर काढा आणि पाण्याच्या वाडग्यात हलवून कोकोपीट सुटू द्या. निरोगी मुळे पांढरी, ताठ आणि बारीक केसाळ फुटव्यांनी भरलेली असतात. मूळकूज झाली असेल तर ती तपकिरी आणि बुळबुळीत दिसतात, आणि एखादे मूळ चिमटीत धरून हलके ओढले की वरची साल सुटून हातात येते व आत नुसता दोऱ्यासारखा गाभा उरतो. साल अशी सुटत असेल, तर ते रोप वाचवण्याच्या खटपटीत पडू नये. मुळे पांढरी पण तुटपुंजी असतील, तर पाण्याचे वेळापत्रक बदलल्यावर रोपे सावरण्याची चांगली शक्यता आहे.

आता खताविषयी. कोणते पान पिवळे पडले हे आधी पाहावे. सर्वांत खालची दोन साधी पाने ही बीजपत्रे होत. रोपावर खऱ्या पानांच्या काही जोड्या आल्यानंतर ती पिवळी पडून गळणे स्वाभाविक आहे. दुसऱ्याच आठवड्यात ती पिवळी पडत असतील आणि वर वाढही नसेल, तर मात्र काहीतरी बिघडले आहे. नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये रोप जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवू शकते, त्यामुळे त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते : नत्र कमी असेल तर पूर्ण पान सारखे फिकट होते, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लोह मात्र असे हलवता येत नाही, म्हणून त्याच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या उठून दिसतात. लोहाची ही लक्षणे बहुधा लोह नाही म्हणून येत नाहीत. पाणी जड (क्षारयुक्त) असल्याने माध्यमाचा सामू (आम्लता-अल्कतेचे माप, म्हणजे पीएच) चढतो आणि असलेले लोह मुळांना घेता येत नाही. कोकोपीटमध्ये सामू ५.५ ते ६.५ या दरम्यान राहिला तर बहुतेक अन्नद्रव्ये मुळांना उपलब्ध होतात.

कोकोपीटमध्ये मुळात अन्नद्रव्ये फार थोडी असतात आणि जी असतात त्यांत पोटॅशियम व सोडियम यांचे प्रमाण जास्त असते. शिवाय ते बाहेरून दिलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवते आणि त्या बदल्यात पोटॅशियम व सोडियम सोडते. म्हणून ते वापरण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुवावे लागते आणि शक्य असल्यास कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून पुन्हा धुतलेले कोकोपीट निवडावे. तुम्ही ते न धुता वापरले असेल, तर तुमच्या अडचणीचा काही भाग तिथेही असू शकतो.

आत्ता करायचे ते असे. फवारणी आणि खत दोन्ही थांबवा. कपातून एकदाच भरपूर साधे पाणी वाहू देऊन साठलेले क्षार धुऊन काढा, कप पूर्ण निथळू द्या आणि त्यानंतर तो हलका होईपर्यंत हात लावू नका. शेंड्याला नवे पान फुटू लागले, की वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाच्या एक चतुर्थांश तीव्रतेचे संतुलित खत सुरू करा आणि रोप सशक्त दिसल्यावर ते निम्म्यापर्यंत न्या. पिवळी झालेली जुनी पाने सहसा पूर्ववत होत नाहीत, म्हणून सुधारणा तपासताना नव्या पानाचा रंग आणि आकार पाहावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला किमान चार-पाच दिवस द्यावेत, ही आमची आग्रहाची सूचना आहे. पाणी, खत आणि फवारणी एकाच आठवड्यात बदलली, तर रोप सुधारले किंवा बिघडले तरी ते कशामुळे हे कधीच कळत नाही.

प्रश्न : माझी रोपे उंच, बारीक आणि फिकट झाली आहेत; आधार दिल्याशिवाय उभीच राहत नाहीत. दिवा मला तर खूप प्रखर वाटतो. मग असे का होते?

उत्तर : प्रखरतेच्या बाबतीत आपल्या डोळ्यांवर विसंबू नये. डोळा अंधूक आणि तेजस्वी उजेडाशी इतका सहज जुळवून घेतो, की खोलीत लख्ख वाटणारा उजेड रोपाच्या दृष्टीने तोकडा असू शकतो. रोपाला उजेड कमी पडला, की ते तो गाठण्यासाठी पेरांमधील अंतर वाढवते, आणि पाने व मुळे यांच्या वाटणीचे अन्न खोडाच्या उंचीवर खर्च होते. टोमॅटो-मिरचीच्या रोपांना पानांच्या पातळीवर दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे १५० ते २५० मायक्रोमोल (रोपाला वापरता येणारा प्रकाश मोजण्याचे एकक) इतका उपयुक्त प्रकाश मिळावा आणि तो दिवसाचे १४ ते १६ तास मिळावा. यासाठीचे खास मोजयंत्र नसेल, तर साध्या लक्समापकावर (डोळ्यांना जाणवणारा उजेड मोजणारे यंत्र) पांढऱ्या एलईडीसाठी सुमारे १० ते १५ हजार लक्स हा अंदाज धरून चालता येते. दिवा टप्प्याटप्प्याने खाली आणावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक-दोन दिवस निरीक्षण करावे. शेंड्याची पाने कडांनी वर वळू लागली किंवा दिव्याच्या सर्वांत जवळची पाने पांढुरकी पडू लागली, तर उजेड जास्त झाला असे समजून दिवा थोडा वर घ्यावा.

उजेड कमी आणि उष्णता जास्त हा मेळ सर्वांत वाईट. बी रुजेपर्यंत २५ ते २८ अंश सेल्सिअसची ऊब उपकारक असते. पण अंकुर वर आल्याबरोबर उबेसाठी तबकाखाली ठेवलेली विजेची गरम चटई काढून तापमान २० ते २४ अंशांवर आणावे. काही जण उजेडाची कसर भरून काढण्यासाठी दिवा २४ तास चालू ठेवतात. टोमॅटो आणि वांगी यांना अखंड उजेड सोसत नाही. त्यांची पाने पिवळी पडून रोपे खराब होतात. त्यांना रोजचा अंधार मिळालाच पाहिजे.

लांबलेले खोड आखूड होत नाही, तरी टोमॅटोची रोपे टाकून देऊ नयेत. मोठ्या कुंडीत हलवताना खोड बीजपत्रांपर्यंत मातीत गाडले, तर गाडलेल्या भागाला नवी मुळे फुटतात. मिरचीचे खोड अशी मुळे तितक्या तत्परतेने फोडत नाही, म्हणून मिरचीच्या बाबतीत हा उपाय बेताने करावा. लहान पंख्याची मंद झुळूक रोपे हलकेच डोलतील इतपत रोज काही तास दिल्यास खोडे जाड आणि आखूड राहतात. असे डोलणे रोपाला बळकट करते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे.

प्रश्न : रात्रीपर्यंत ठणठणीत असलेली रोपे सकाळी आडवी झालेली आढळली. दुसऱ्या दिवशी शेजारची काही रोपेही कोलमडली. पाने हिरवीच आहेत. वाचवता येतील का?

उत्तर : आडव्या झालेल्या रोपाचे खोड मातीच्या अगदी पातळीवर पाहा. तिथे ते पाणचट, तपकिरी आणि चिमटा काढल्यासारखे बारीक झाले असेल, तर ही रोपांची मर आहे. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम अशा मातीतील रोगकारकांमुळे ती होते आणि कोलमडलेले रोप वाचत नाही. ते आसपासच्या माध्यमासकट लगेच काढून टाकावे, तबकावरचे झाकण उघडावे, हवा खेळती करावी आणि उरलेल्यांना वरून पाणी देणे थांबवून गरजेपुरते तळातून द्यावे. तळातून दिलेले पाणीही अर्ध्या तासाने ओतून टाकावे. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी पेरणीच्या वेळी माध्यमात मिसळल्यास प्रतिबंध होतो. रोग दिसल्यानंतर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. मातीवर दालचिनीची पूड भुरभुरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण ओल कमी केल्याविना त्याने काहीही साधत नाही. पुढच्या पेरणीसाठी ताजे माध्यम घ्यावे, जुने कप घासून धुऊन निर्जंतुक करावेत आणि बी दाट पेरू नये.

प्रश्न : कपांभोवती बारीक काळी चिलटे उडतात. ती रोपांना अपाय करतात का?

उत्तर : उडणारी चिलटे स्वतः फारसे नुकसान करत नाहीत, त्यांच्या अळ्या ओल्या माध्यमात राहून बुरशी, कुजका पालापाचोळा आणि त्यासोबत कोवळी मुळेही खातात. कच्च्या बटाट्याची एक चकती माध्यमावर ठेवून दोन दिवसांनी उलटून पाहिली, तर खालच्या बाजूला पारदर्शक शरीराच्या आणि चकचकीत काळ्या डोक्याच्या अळ्या दिसतात. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये सुकू दिला, की त्यांना जगणे कठीण होते. पिवळे चिकट सापळे प्रौढ चिलटे पकडतात, तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू पाण्यातून दिल्यास अळ्या मरतात. अंड्यापासून चिलटापर्यंतचा प्रवास तीन ते चार आठवड्यांचा असल्यामुळे हे उपाय एकदा करून न थांबता तेवढा काळ चालू ठेवावे लागतात.

प्रश्न : टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली आहे. स्फुरद (फॉस्फरस) द्यावे का?

उत्तर : आधी मुळांजवळचे तापमान पाहावे. माध्यम १५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असेल, तर स्फुरद पुरेसे असूनही मुळांना ते घेता येत नाही. गार फरशीवरून तबक उचलून ठेवा आणि माध्यम २० अंशांच्या जवळ आणा. नवी पाने हिरवी आली तर वेगळे स्फुरद देण्याचे कारण नाही. प्रखर उजेडातही काही वाणांच्या पानांवर जांभळी छटा येते आणि रोप जोमाने वाढत असेल तर ती निरुपद्रवी असते.

प्रश्न : बियांची टरफले बीजपत्रांवर अडकून बसली आहेत. ती ओढून काढावीत का?

उत्तर : कोरडी असताना ओढू नयेत, कारण त्यासोबत शेंडाही तुटतो. पाण्याचा एक थेंब टरफलावर ठेवून अर्धा तास थांबावे आणि मग चिमट्याने हलकेच सोडवावे. पुढच्या वेळी बी किंचित खोल, सुमारे एक सेंटिमीटरवर, पेरावे. वर येताना मातीच्या घर्षणानेच टरफल सुटते.

प्रश्न : दिव्याखाली उत्तम वाढलेली रोपे उन्हात ठेवताच पाने कागदासारखी पांढरी पडली. हा रोग आहे का?

उत्तर : रोग नाही, ती पाने उन्हाने भाजली आहेत. घरातील दिव्याखाली तयार झालेल्या पानांना थेट उन्हाची आणि वाऱ्याची सवय नसते. रोपे लगेच सावलीत आणावीत, पांढरी पाने शेंड्याला नवी पाने येईपर्यंत तोडू नयेत, आणि मग पहिल्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर इथपासून सुरुवात करून ७ ते १० दिवसांत ती दिवसभराच्या उन्हापर्यंत न्यावीत. या काळात पाणी थोडे हात राखून द्यावे, पण पाने माना टाकतील इतकी ओढ बसू देऊ नये, आणि रात्री तापमान १० अंशांखाली जाणार असेल तर रोपे आत घ्यावीत.