१६ वर्षं कपाटावर पडलेला तबला परत खाली काढला तेव्हा

तुम्ही विचारलंय की कॉलेजात असताना भरपूर चित्रं काढायचात, मग नोकरी लग्न मुलं यात सगळं सुटलं, आता परत सुरू करावंसं वाटतं पण वेळच मिळत नाही, तर वेळ काढायचा कसा. चित्रकलेतलं मला काही म्हणजे काही कळत नाही, पण माझा तबला २००६ ते २०२२ कपाटावर पडून होता आणि आता परत वाजतोय, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

वेळ नाही हे मीही सगळ्यांना सांगायचो. खरं कारण लाज होती. मध्यमा पूर्णपर्यंत तबल्याच्या परीक्षा दिलेल्या, गावच्या जत्रेत दोनतीनदा साथ केलेली, आणि प्रॉब्लेम असा की हात गेला तरी कान जात नाही. पणजीला कला अकादमीत केसरबाई केरकर संगीत समारोहाला बसून मी मनातल्या मनात तबलजीच्या चुका काढायचो आणि घरी येऊन स्वतःच्या तबल्याची खोळ उघडायची हिंमत नाही. रोज रात्री तासभर मोबाईलवर रील बघणाऱ्या माणसाने वेळ नाही म्हणू नये. हे माझ्यापुरतं हां, घरातल्या बाईला खरंच वेळ नसतो हे मी बायकोकडे बघून सांगू शकतो.

तर २०२२ च्या मे महिन्यात पावसाआधी घराला रंग द्यायचा म्हणून कपाट हलवलं आणि तबला हातात आला. गोव्यातली दमट हवा तुम्हाला माहीत असेल, पुडीला म्हणजे वरच्या कातड्याला बुरशी, शाईचे म्हणजे मधल्या काळ्या गोलाचे पोपडे निघालेले, डग्ग्याची वादी, ती आवळायची चामड्याची पट्टी, उंदराने खाल्लेली. दोन्ही पुड्या बदलून आणल्या आणि त्याच रात्री मूर्खासारखा जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू केलं, तिरकिटचा कायदा (बोलांची ठरलेली रचना), थेट दुगुनीत म्हणजे दुप्पट लयीत. पाच मिनिटांत बोटं आखडली. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "पत्र्यार पावस पडटा कितें रे?" झालं, पुढचे आठ दिवस खोळ बंद.

यातून बाहेर काढलं ते कंपनीच्या बसने. मी फोंड्याहून वेर्ण्याला जातो, बोरीच्या पुलावर ट्रॅफिक लागलं की तास मोडतो. तबल्यात एक सोय आहे, वाद्य नसलं तरी बोल तोंडाने म्हणता येतात, त्याला पढंत म्हणतात, आणि जे तोंडात नीट येत नाही ते हातात येत नाही असं आमचे गुरुजी सांगायचे. मग खिडकीकडे तोंड करून टिफिनच्या पिशवीवर बोटं ठेवून चालू, धाति टधा तिट धाधा तिट धागे तिना किना, हा अगदी पहिल्या वर्षाला शिकवतात तो कायदा. शेजारी बसणाऱ्याला आधी वाटलं जप करतोय. हे करताना लक्षात आलं की बोल जवळजवळ सगळे शाबूत आहेत. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव माहीत असेल, साळावली धरणाखाली गेलेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, पण वर येतात ते जोते आणि वाटा, घरं नाही येत. तसंच होतं ते, कुठे काय होतं ते दिसतं, बांधायचं मात्र परत.

म्हणून घरी फक्त २० मिनिटं, मोबाईलवर लेहरा (तालासाठी सतत वाजणारी धून) लावून, एकच कायदा, ठाय म्हणजे संथ लयीत, आणि जमतंय असं वाटलं तरी महिनाभर लय वाढवायची नाही. हे वाईट वाजणं जे आहे ना ते साधारण तीन महिने चाललं, आणि ते सोसायची तयारी ठेवण्यापेक्षा वेळ काढणं खूप सोपं आहे. मधेच सुटतंसुद्धा. त्या ऑक्टोबरमध्ये कंपनीत शटडाऊनची ड्युटी लागली आणि तीन आठवडे हात लावला नाही, मग परत पहिल्या कायद्यापासून, काय करणार.

पण एकट्याने माझं दोनतीन महिन्यांपलीकडे टिकलं नसतं. आमच्या वाड्यावर देवळात गुरुवारी भजन असतं, तिथला तबला वाजवणारा मुलगा नोकरीला बाहेर गेला आणि मला बोलावलं. मी म्हटलं अजून तयारी नाही, तर पेटीवाले काका म्हणाले, अरे भजनी ठेका, केरवा आणि दादरा येतो ना, मग झालं. थोर तबलावादक लयभास्कर खाप्रूमामांच्या गोव्यात हे म्हणजे अगदीच पहिली इयत्ता, पण गुरुवारी साडेसातला दहा माणसं माझी वाट बघत बसतात म्हटल्यावर कंटाळा आला तरी जावंच लागतं. सोलो वाजवायचं स्वप्न धरून बसलो असतो तर तबला परत कपाटावर गेला असता.

तुम्ही गोव्यातल्या की बाहेरच्या ते कळलं नाही, पण इथल्या असाल तर यंदाच्या चवथीला गणपतीमागची भिंत रंगवायचं काम तुमच्या अंगावर घ्या, स्वतःच्या घरची किंवा शेजाऱ्यांची. तारीख ठरलेली, लोक बघणार, आणि आरतीच्या गडबडीत कुणी बारकाईने चुका काढत नाही. नवीन महागाचे रंग आणि कागद आधी आणू नका, माझ्या मुलीचे जुलैत बुरशी येऊन गेले. पेन्सिल आणि साधी वही तेवढी डोळ्यासमोर ठेवा, जेवणाच्या टेबलावर वगैरे. तबला असा उघड्यावर ठेवावा म्हटलं तर पावसात सोय नाही, कपाटात बल्ब लावून आत ठेवावा लागतो, त्यामुळे त्या चार महिन्यांत घरचा रियाज कमी आणि बसमधली पढंत जास्त.

तेवढं करूनसुद्धा गेल्या गुरुवारी इतका पाऊस की काळी एकच्या सुराला लावलेला तबला पहिला अभंग संपेपर्यंत उतरला, मी हातोडी शोधतोय तर गाणारे म्हणाले राहू दे रे, आम्हीच खाली पांढरी एकला येतो.