सी, जावा, पायथन: तीन वह्या आणि एकच अडलेलं पान

‘पहिली प्रोग्रामिंग भाषा कोणती शिकू?’ हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना भाषांबद्दल बरीच माहिती असते. कोणती वेगात चालते, कुठली लवकरच मागे पडणार, कोणाला पगार जास्त, सगळं तोंडपाठ. फक्त त्यातल्या एकाही भाषेत स्वतःचा म्हणावा असा छोटासा प्रोग्राम त्यांनी शेवटपर्यंत नेलेला नसतो.

तीही अशीच आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पंचविशीतली, कॉमर्सची पदवीधर, अकाउंट्स विभागात नोकरी. बसल्या बसल्या तिने बॅगेतून तीन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. पहिली सीची, कारण मामेभाऊ म्हणाला होता, ‘सीशिवाय पाया पक्का होत नाही.’ दुसरी जावाची, कारण ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की नोकऱ्या जावात आहेत. तिसरी पायथनची, ती व्हिडिओ बघून सुरू केलेली. आता मैत्रीण जावास्क्रिप्टचं नाव घेत होती.

“मॅडम, आधीच उशीर झालाय. त्यात पहिलीच भाषा चुकली तर पुढची वर्षं वाया जातील ना?”

मी वह्या चाळल्या. अक्षर सुरेख, मथळे रंगीत पेनाने. व्हेरिएबल (माहिती साठवायची नाव दिलेली जागा), डेटा टाइप (ती माहिती आकडा आहे की मजकूर), इफ-एल्स (अट घालणं), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं). मग तारकांचा त्रिकोण, म्हणजे पहिल्या ओळीत एक तारका, दुसरीत दोन, तिसरीत तीन. प्रोग्रामिंग शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी छापलेला. तिन्ही वह्यांत त्रिकोणाचं उत्तर उतरवून घेतलं होतं आणि तिन्ही वह्या त्याच पानावर संपल्या होत्या.

“हा त्रिकोण कळला होता?”

“सीमध्ये नाही कळला. वाटलं, सी अवघड आहे म्हणून.”

जावातही कळला नव्हता. पायथनमध्ये तर एकाच लूपमध्ये, तारकेला आकड्याने गुणून, हा त्रिकोण छापता येतो. पण शिकवणाऱ्याने तिथेही लूपमध्ये लूप घातला होता आणि ती पुन्हा तिथेच अडली. अडचण भाषेची नव्हती. एका लूपच्या पोटात दुसरा लूप फिरताना नेमकं काय घडतं, हे तिला दिसत नव्हतं. प्रत्येक वेळी भाषा बदलली की सुरुवातीचे सोपे धडे पुन्हा मिळायचे, प्रगती झाल्यासारखं वाटायचं आणि तो त्रिकोण थोडा पुढे ढकलला जायचा.

मी कोरा कागद दिला. ओळ क्रमांकाचा एक रकाना, तारकांचा एक. “आता कॉम्प्युटर तूच. ओळ तिसरी आहे, आतला लूप किती वेळा फिरेल?” ती पेन्सिलीने एकेक तारका काढत गेली. चौथ्या ओळीला थांबून म्हणाली, “म्हणजे बाहेरचा आकडा आतल्याला सांगतो, किती वेळा फिरायचं ते.” एवढंच होतं ते. यात सीचं, जावाचं किंवा पायथनचं असं काही नाही.

मग भाषेकडे वळलो, कारण निवड कधीतरी करावी लागतेच. ‘कोणतीही चालेल’ हे उत्तर मला पटत नाही. ते खरं असलं तरी घाबरलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग होत नाही. मी विचारलं, “समज, भाषा आली. पहिल्या दिवशी तिच्याकडून काय करून घेशील?” बराच वेळ ती ‘आयटीत जायचंय’ इथेच फिरत राहिली. मग सहज म्हणाली, दर महिनाअखेरीला सगळ्या शाखांच्या एक्सेल फाइली उघडून, कॉपी-पेस्ट करून एकत्र कराव्या लागतात, त्यात पूर्ण दिवस जातो.

भाषा ठरली ती या वाक्यावर. फाइली वाचणं, जोडणं, बेरजा मारणं याला पायथन सोयीची, आणि एक्सेलसाठी लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे आयत्या कोडचे संच, तिथे तयार आहेत. तिने वेबपेज हलतं-बोलतं करायचंय म्हटलं असतं तर मी जावास्क्रिप्ट सांगितली असती. आयफोनचं ॲप म्हटलं असतं तर स्विफ्ट. सेन्सर आणि छोट्या इलेक्ट्रिक मोटर्सशी खेळायचं असतं तर सी किंवा सी प्लस प्लस. आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमात एखादी भाषा नेमलेली असेल तर प्रश्नच मिटला, तीच शिकावी.

“पण पायथन म्हणजे आजकालचं फॅड, असं दादा म्हणतो.”

पायथन 1991 साली आली, जावा 1995 साली. फॅडच म्हणायचं तर जावा धाकटं फॅड.

पायाचा मुद्दा मात्र मी उडवून लावला नाही. सी 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत डेनिस रिची यांनी घडवली, ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी. मेमरी कशी वापरली जाते हे तिच्यात फार उघडपणे कळतं. पण पाच जागांच्या ॲरेत, म्हणजे ओळीने मांडलेल्या जागांच्या यादीत, सहावी मागितली तर सी बहुतेकदा गप्प राहते. कधी भलताच आकडा देते, कधी प्रोग्राम कोसळतो. पायथन तिथल्या तिथे थांबते आणि कोणत्या ओळीत चूक झाली ते सांगते. शेजारी विचारायला कोणी नसताना, एकटीने रात्री शिकणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. सी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकावी, तेव्हा ती जास्त भिनते, असं माझं मत आहे.

पुढच्या भेटीत ती वैतागून आली. दोन रकमा विचारून बेरीज सांगणारा प्रोग्राम लिहिला होता. 20 आणि 30 दिले, उत्तर आलं 2030. “बघा, हीसुद्धा भाषा मला जमत नाहीये.” कीबोर्डवरून घेतलेलं सगळं पायथन मजकूर म्हणून घेते, म्हणून पायथनने दोन मजकूर एकापुढे एक चिकटवले, आधी आकड्यात रूपांतर करायला हवं. हे मी लगेच सांगितलं नाही. तिला आधी व्हेरिएबलचा टाइप छापून बघायला लावलं. स्क्रीनवर ‘स्ट्रिंग’चा, म्हणजे मजकुराचा टाइप दिसला आणि डेटा टाइपचा जो धडा तिने तीनदा उतरवून काढला होता, तो तिला पहिल्यांदा कामाला आला.

तिला मी एकच अट घातली होती: फाइली जोडणारा प्रोग्राम ऑफिसात खरोखर चालेपर्यंत भाषा बदलायची नाही. तोवर नवा व्हिडिओ नाही, मैत्रिणीशी तुलना नाही. नोकरी बदलण्याचा विषयही तोवर बाजूला ठेवला, कारण आयटीतली नोकरी नुसत्या भाषेच्या नावावर मिळत नाही. डेटाबेस, टेस्टिंग, दुसऱ्याचा कोड वाचणं असं बरंच काही लागतं, आणि ते पुढचं बोलणं.

अलीकडे भेटली तेव्हा जावाचा विषय निघालाच नाही. एका शाखेच्या फाइलीत तारीख आधी दिवस मग महिना अशी होती, दुसरीत उलटी, आणि एप्रिलची बिलं मार्चमध्ये जाऊन बसत होती. पूर्ण वेळ आम्ही त्याच तारखा लावत बसलो.