अंबडच्या कारखान्यातल्या स्टॉक ऑडिटसाठी सॅम्पल कोणत्या पद्धतीने काढावं?

तुम्ही म्हणता, अंबड एमआयडीसीतल्या ऑटो पार्ट कारखान्याचं स्टोअर आहे, आयटम साडेतीन हजार आणि पुस्तकी किंमत ४ कोटी. कर्जासाठी बँकेकडे स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचा तक्ता) जात असेल, तर खरी भीती स्टॉक फुगवून दाखवल्याची. त्यासाठी रुपयावार निवड, म्हणजे मॉनेटरी युनिट सॅम्पलिंग, घ्या; यात आयटमऐवजी प्रत्येक रुपयाला निवडीची सारखी संधी मिळते. साध्या रँडममध्ये नट-बोल्ट आणि वॉशरच जास्त निघतात, आणि पैसा अडकलेला असतो बेअरिंग, कास्टिंगमध्ये.

गणित असं: चालू शकेल अशी चूक १२ लाख धरली, चूक सापडणार नाही असा अंदाज असला आणि ९५ टक्के खात्री हवी असली, तर १२ लाख भागिले ३ (९५ टक्के खात्री आणि शून्य चुकीसाठीचा ठरलेला गुणांक), म्हणजे ४ लाखांचं अंतर. ४ कोटीत साधारण १०० निवडी. सुरुवातीचा आकडा १ रुपया ते ४ लाख रुपये यांमधून रँडम घ्या, मग रकमांची चढती बेरीज करत दर ४ लाखाला जो आयटम लागेल तो मोजा. ४ लाख किंवा त्यावरचे सगळे आपोआप येतात.

मात्र शून्य किंवा कमी दाखवलेला माल यात सुटतो. म्हणून रॅकवरून काही बिन (माल ठेवायचे खण) निवडा, त्यातला माल मोजा आणि उलटे रजिस्टरपर्यंत जा. हे टाळूच नका. मागच्या मोजणीत तफावती भरपूर निघाल्या असतील, तर मात्र किमतीनुसार गट पाडून प्रत्येक गटातून रँडम नमुना घेणंच बरं.